चाकाखाली काय आहे? जुन्या ट्रॅक्टरची ओल्या रानातली पकड

महिंद्राचा बी-275, मॅसी 1035, एचएमटी 2511, एस्कॉर्ट 335, फोर्ड 3600. यातली बरीच नावं आता कंपन्यांच्या जाहिरातीत दिसत नाहीत, पण महाराष्ट्रातल्या शिवारात अजून रोज ऐकू येतात. कर्ज कधीच फिटलेलं असतं, इंजिन एकदा-दोनदा उघडून नीट बसवलेलं असतं, आणि घरातल्या दोन पिढ्यांना त्याचा प्रत्येक आवाज ओळखीचा असतो. कोरड्या रानात हे ट्रॅक्टर आजही चोख काम करतात. अडचण येते ती ओलीत. इंजिन दमत नाही, आवाज जड होत नाही, पण मागचं चाक जागेवर फिरायला लागतं. नांगर तिथंच, ट्रॅक्टर तिथंच, आणि चाकाखाली खड्डा वाढत जातो.

अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय करतात: वजन वाढवायचं. मडगार्डवर दगडांची पोती येतात, अवजारावर माणूस उभा राहतो, टायरमध्ये काठोकाठ पाणी भरलं जातं. माझं म्हणणं असं आहे की वजनाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी चाकाखालची जमीन तपासावी, मग ट्रॅक्टरवर आधीच असलेलं वजन योग्य जागी पडतंय का ते पाहावं. ही दोन कामं नीट झाली तर निम्म्या वेळा नवं वजन लावायची गरजच उरत नाही. चुकीच्या जमिनीत वजन लावलं तर ट्रॅक्टर अधिक खोल रुततो.

आधी पहार, मग चावी

ओली जमीन म्हणजे सगळी सारखीच नव्हे. चाक का घसरतं याची कारणं जमिनीगणिक बदलतात आणि उपायही उलटसुलट होतात.

पहिला प्रकार वर निसरडी आणि खाली घट्ट असलेल्या जमिनीचा. हलक्या-मध्यम रानात पाऊस पडून दोन-तीन इंच वरचा थर ओला होतो, खाली जमीन टणक असते. इथं टायरच्या दातांनी वरचा लिबलिबीत थर कापून खालच्या टणक थराला धरायला हवं. दात शाबूत असतील आणि मागच्या चाकांवर भार असेल तर चाक धरतं. वजनाचा खरा उपयोग होतो तो इथेच.

दुसरा प्रकार भाताच्या खाचराचा. कोकणातली खाचरं असोत की भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्या, वर मऊ गाळ आणि खाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं तयार झालेला घट्ट थर. हा थर साधारण 15 ते 20 सेंमीवर सापडतो आणि ट्रॅक्टर उभा असतो तो त्याच्या जिवावर. उन्हाळ्यात हौसेनं खोल नांगरट करून तो थर फोडला की पुढच्या पावसात त्या खाचरात ट्रॅक्टर घालणं अवघड होतं, आणि पाणीही पूर्वीसारखं साठत नाही. खाचरात वजन वाढवण्यात फायदा नाही. तिथं पसरट आधार आणि चिखलात रोवणारी पाती लागतात.

तिसरा प्रकार काळ्या भारी जमिनीचा. कृष्णाकाठ, मराठवाडा, विदर्भातला कापसाचा पट्टा. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. टायरच्या दातांमधल्या फटी पाचव्या-सहाव्या फेऱ्यात भरून जातात आणि नवाकोरा टायरही गोटा टायरसारखा वागायला लागतो. अशा जमिनीत चाकाचे सगळे उपाय अपुरे पडतात, कारण तक्रार चाकाची नसते. वाफसा आलेला नसतो.

म्हणून ट्रॅक्टर बांधाजवळ उभा करून पहार किंवा जाड सळई घेऊन आत जावं. चार-पाच ठिकाणी हाताच्या जोरानं दाबून पाहावं. वीतभर खोलीवर टणक लागलं तर चाकाला उभं राहायला जागा आहे. दीड वीत जाऊनही सळई मऊ मातीत सरकत असेल तर विचार करा: या जुन्या ट्रॅक्टरांच्या पोटाखाली जेमतेम फूटभर मोकळी जागा असते. पोट एकदा मातीला टेकलं की चाकावरचा भार मातीनं उचलला, आणि मग कुठलाच उपाय चालत नाही.

काळ्या रानात आणखी एक तपासणी करावी. नांगराच्या खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळावा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. फुटून विखुरला तर वाफसा आहे. नुसता चपटा होऊन राहिला तर आजचा दिवस थांबावं. वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो म्हणून फसू नये. माती खालच्या थरातली घ्यायची. असं थांबणं जिवावर येतं, पेरणीची वेळ जात असते, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालू दिसतो. तरीही सांगतो, ओल्या काळ्या मातीत फिरणारं चाक जमीन दाबून आणि लिंपून टाकतं, आणि तो दाबलेला थर पुढं पिकाच्या मुळांना नडतो. दोन दिवसांची घाई हंगामभर महागात पडते.

हलका ट्रॅक्टर ओढायचा कसा

पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 साली, अमेरिकेत हेन्री फोर्डच्या कारखान्यातून फोर्डसन ट्रॅक्टर बाहेर पडू लागला, तेव्हा त्याला रबरी टायर नव्हते. लोखंडी चाकं आणि त्यावर लोखंडी दाते. ती चाकं रानात माती धरत, पण रस्त्यावर हाल करत. 1932 साली अलिस-चाल्मर्स कंपनीनं आपल्या ‘यू’ मॉडेलला हवेचे टायर बसवले आणि तिथून रबरी चाकाचं युग सुरू झालं. त्याच सुमारास आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन वेगळ्याच दिशेनं विचार करत होता. ट्रॅक्टर जड करण्यापेक्षा अवजार ट्रॅक्टरला असं जोडायचं की अवजाराची ओढच मागच्या चाकांना खाली दाबेल. तीन सांध्यांची जोडणी आणि आपोआप खोली सांभाळणारं हायड्रॉलिक हे त्या विचाराचं फळ. 1946 ते 1956 या काळात निघालेला त्याचा छोटा करडा टीई-20 याच तत्त्वावर जगभर चालला. पुढं मॅसी फर्ग्युसन 35 आला आणि त्याच घराण्यातला 1035 आपल्याकडे ‘टाफे’नं बनवला.

हा इतिहास सांगण्याचं कारण रोकडं आहे. हे ट्रॅक्टर मुद्दाम हलके ठेवलेले होते. 1035 सारखा ट्रॅक्टर भरतो पावणेदोन टनांच्या आसपास. त्याची पकड या आपोआप खोली सांभाळणाऱ्या हायड्रॉलिकवर, म्हणजे ड्राफ्ट कंट्रोलवर, अवलंबून ठेवलेली आहे. आणि आज आपल्याकडच्या कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांचा ड्राफ्ट मेलेला असतो. लिफ्ट वर जाते, खाली येते, तेवढ्यावर काम भागवलं जातं. ड्राफ्टची दांडी गंजून एका जागी बसलेली असते. मालक म्हणतो ट्रॅक्टर ‘स्लिप मारतोय’, मिस्त्री म्हणतो टायर बदला. माझ्या मते टायरच्या पैशाला हात लावण्याआधी हायड्रॉलिक उघडून ड्राफ्ट जिवंत करून घ्यावा. ओल्या रानात त्याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

फर्ग्युसन घराण्यात टॉप लिंक जिथं ट्रॅक्टरला जोडली जाते तिथं एक जाड स्प्रिंग असते. नांगराला माती जड गेली की टॉप लिंक ही स्प्रिंग दाबते, हायड्रॉलिकला इशारा मिळतो आणि नांगर किंचित उचलला जातो. उचलताना नांगराचं वजन आणि त्यावरच्या मातीचा भार मागच्या चाकांवर येतो. नेमकं हवं तेव्हा, हवं तिथं वजन. ही स्प्रिंग मोकळी आहे का ते बघायला मिस्त्री लागत नाही. अवजार काढून ठेवा, स्प्रिंग हातानं फिरवून बघा. ती हातानं फिरली पाहिजे, पण पुढंमागं खडखडली नाही पाहिजे. चिखल आणि गंज धरून घट्ट बसली असेल तर रॉकेल-डिझेलनं धुऊन मोकळी करावी. ढिली असेल तर मिस्त्रीकडून फट काढून घ्यावी. तिच्यावरचं रबरी टोपण फाटलं असेल तर नवं घालावं, नाहीतर एका चिखलणीत पुन्हा तेच होईल.

वापरताना नांगर किंवा कल्टिव्हेटर ड्राफ्टच्या दांडीवर खोलीला लावावा. ओला पट्टा आला आणि चाक घसरायच्या बेतात आहे असं वाटलं की दांडी बोटभर वर घ्यावी. क्लच दाबायचा नाही, एकदम रेस वाढवायची नाही. अवजार थोडं उचललं जाईल, भार चाकावर येईल, ट्रॅक्टर ओला पट्टा ओलांडेल. मग दांडी पुन्हा जागेवर. नांगराला खोलीचं टेकूचाक असेल तर ओल्या रानात ते वर घ्यावं, कारण ते चाक जमिनीवर टेकून राहिलं तर जो भार टायरवर यायला हवा तो तेच खाऊन टाकतं.

अवजाराचा आकारही ट्रॅक्टरच्या वयाला आणि ओलीला शोभेल असा हवा. नऊ फणांचा कल्टिव्हेटर उन्हाळ्यात ओढला म्हणून पावसाळ्यात ओढेल असं नाही. कडेचे दोन फण काढून सात करा, गरज पडली तर पाच. फेरे वाढतील, पण प्रत्येक फेरा पुरा होईल. रोटाव्हेटरची गोष्ट आणखी वेगळी. त्याची पाती पीटीओनं फिरतात आणि माती मागं फेकताना ट्रॅक्टरला पुढं ढकलतात, त्यामुळं चाकांवर ओढण्याचं काम फारसं राहत नाही. खाचरात छोटा रोटाव्हेटर जुन्या ट्रॅक्टरला मानवतो तो याच कारणानं. एकच क्लच असलेल्या जुन्या मॉडेलमध्ये क्लच दाबला की पीटीओही थांबतो, तेव्हा गिअर आधीच असा निवडावा की मधे थांबावं लागणार नाही.

टायर: दिशा, हवा, दात

जुन्या ट्रॅक्टरवर टायर अनेकदा सेकंडहँड किंवा रिमोल्ड असतात, आणि ते डावे-उजवे उलटे बसवलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहेत. मागच्या टायरवरचे तिरके दात मिळून बाणाचा आकार करतात. टायरच्या वरच्या बाजूला तो बाण ट्रॅक्टरच्या तोंडाकडे, म्हणजे पुढं रोखलेला हवा. तसा असला की जमिनीवर आधी दातांची मधली टोकं टेकतात आणि चिखल बाहेरच्या कडेनं निघून जातो. उलटा असला की तोच चिखल मधे गोळा होतो आणि टायर भरून जातो. दुरुस्ती फुकटात होते: दोन्ही चाकं एकमेकांच्या जागी लावायची. मात्र चाकाची बाहेरची बाजू बाहेरच राहिली पाहिजे; ती आत गेली तर बाणाची दिशा तशीच राहते आणि दोन चाकांमधलं अंतर कमी-जास्त होतं. जमत नसेल तर टायर रिमवरून उतरवून फिरवून घ्यावेत.

हवेचं तर आपल्याकडे कुणी नावच काढत नाही. ट्रॉलीसाठी भरलेली हवा तशीच ठेवून ट्रॅक्टर रानात जातो. टायर फुगीर, टणक, मधोमध टेकलेला. जमिनीवर टेकणारा भाग लहान. रानात काम करताना 12.4-28 सारख्या मागच्या टायरला साधारण 12 ते 14 पौंड हवा पुरते. टायर जरा पसरतो, जास्त दात जमिनीला लागतात आणि रुतणंही कमी होतं. याच्या खाली मात्र जाऊ नये. साध्या नायलॉन टायरमध्ये हवा फार कमी झाली तर जोर लागताना टायर रिमवरच सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून तुटतो. रिम आणि टायरवर मिळून एक खडूची रेघ मारून ठेवावी. दिवसाच्या शेवटी रेघेचे दोन तुकडे वेगळे झालेले दिसले तर हवा वाढवायची. रस्त्यावर ट्रॉली ओढायच्या आधी हवा पुन्हा वाढवलीच पाहिजे. पन्नास-शंभर रुपयांत येणाऱ्या अंदाजी मीटरपेक्षा कमी दाबाचा फरक नीट दाखवणारं मीटर घ्यावं.

दातांबद्दल: साध्या शेतीच्या टायरला आर-1 म्हणतात. भातासाठी आर-2 मिळतो, दुकानदार त्याला ‘पॅडी स्पेशल’ म्हणतात. त्याचे दात आर-1च्या जवळजवळ दुप्पट उंच असतात आणि त्यांच्यामधली फट मोठी असते. ज्याचं काम पावसाळ्याचे दोन महिने खाचरातच आहे त्याला तो नक्की फायद्याचा. ज्याला दिवाळीनंतर ऊस ओढायचा आहे त्यानं घेऊ नये. डांबरी रस्त्यावर ते उंच दात भराभर झिजतात आणि ट्रॅक्टर हादरे देतो. जुन्या टायरवर 11-28 असा आकडा छापलेला असेल तर बाजारात मिळणारा 12.4-28 हाच त्याचा जोडीदार. पूर्ण गोटा झालेला टायर कापून दात पाडून देणारे कारागीर भेटतात. तो उपाय मला मान्य नाही. कापताना आतल्या दोऱ्यांना धक्का लागतो आणि टायर कधी फुटेल सांगता येत नाही.

वजन लावायचंच असेल तर

घसरण मोजल्याशिवाय वजनाचा निर्णय घेऊ नये, आणि मोजायला काही लागत नाही. मागच्या टायरवर खडूची खूण करा. त्याच रानात अवजार वर उचलून चालवत चाकाचे दहा फेरे मोजा आणि किती अंतर कापलं ते पाहा. 12.4-28 टायरला ते सुमारे 38 मीटर भरेल. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे. समजा 32 मीटर भरले. 38 मधले 6 मीटर वाया गेले, म्हणजे घसरण साधारण 16 टक्के. नांगरटीत 10 ते 15 टक्के घसरण ही चांगली खूण आहे. ती 20च्या वर गेली की डिझेल आणि टायर दोन्ही जळतात. आणि 5च्या खाली असेल तर ट्रॅक्टर उगाच जड झाला आहे, तो भार इंजिन नुसता वाहतंय. चिखलणीत मात्र हे आकडे लावू नयेत. तिथं घसरण जास्त राहणारच, आणि चाकानं चिखल घुसळणं हा कामाचाच भाग आहे.

वजनाचा सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे मागच्या टायरमध्ये पाणी. चाक जॅकवर घेऊन वॉल्व्ह सगळ्यात वर येईल असं फिरवायचं, वॉल्व्हमधली पिन काढायची, पाणी भरायची खास तोटी लावायची आणि पाणी वॉल्व्हमधून बाहेर येईपर्यंत भरायचं. टायर साधारण पाऊण भरतो. वरची पाव जागा हवेसाठी राहिलीच पाहिजे, नाहीतर टायरला दबायला वाव मिळत नाही आणि दगडावर आपटला की रिम वाकते. एका 12.4-28 टायरमध्ये असं दीडशे लिटरहून जास्त पाणी मावतं, म्हणजे दोन्ही मिळून तीनशे किलोच्या वर वजन वाढतं. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही आणि मीठ-बिठ तर अजिबात घालू नये. ट्यूब गळली की रिम आतून खाल्ली जाते.

हे वजन कोरड्या आणि निसरड्या-टणक रानासाठी. खाचरात उतरण्याआधी पाणी काढून टाकावं. दर वर्षी काढायचं, पुन्हा भरायचं हे कष्टाचं आहे हे मान्य, पण तीनशे किलोचं ओझं घेऊन गाळात उतरणं म्हणजे ट्रॅक्टर स्वतः बुडवणं.

मागं ओढ वाढली की पुढचा भाग हलका होतो, हे लक्षात ठेवावं. हिशेब सोपा आहे. 600 किलोची ओढ, हूक जमिनीपासून 45 सेंमी, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 183 सेंमी. अशा वेळी जवळजवळ दीडशे किलो भार पुढून उचलला जाऊन मागं येतो. पकडीला ते चांगलं, पण स्टिअरिंगला नाही. पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहायला हवा. पुढून चाकं उचलल्यासारखी वाटली किंवा वळताना ट्रॅक्टर सरळच जायला लागला तर पुढं लोखंडी वजनं लावा. कंपनीचीच मिळाली तर उत्तम, जुन्या बाजारात ती सापडतात. दगडाची पोती बांधणं टाळा, ती सुटून पडतात.

मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात ट्रॅक्टर जादा वजनासह आणि वजनाशिवाय किती ओढतो हे वेगवेगळं दिलेलं असतं. तुमच्या मॉडेलचा अहवाल मिळाला तर त्याला किती वजन सोसतं याचा भरवशाचा अंदाज येतो. पण ती ओढ पक्क्या धावपट्टीवर मोजलेली असते. रानात, त्यातून ओल्या रानात, तेवढी मिळणार नाही. आणि चाळीस वर्षांच्या क्राउन-पिनियनला नव्याइतका भार सोसेल असंही धरून चालू नये.

केजव्हील

चिखलणीसाठी लोखंडी केजव्हीलला पर्याय नाही. अर्धं केजव्हील रबरी चाकाच्या बाहेरच्या बाजूला बोल्टनं जोडतात. पूर्ण केजव्हील टायर काढून त्याच्या जागी बसतं. जुन्या, हलक्या ट्रॅक्टरसाठी मी अर्ध्याच्या बाजूनं आहे. टायर काढायचा त्रास नाही, शेतापर्यंत टायरवर जाता येतं आणि गाळात आधार दुप्पट होतो. मात्र ते घडवून घेताना त्याचा घेर टायरच्या घेरापेक्षा थोडा लहान ठेवायला सांगा. टणक जमिनीवर ते टेकता कामा नये, टायर रुतल्यावरच कामाला लागलं पाहिजे. पात्यांना जरा तिरका कल असावा, नाहीतर एकेक पातं आपटल्यासारखं बसतं आणि धक्के थेट अॅक्सलला जातात. रुंदीचा मोह नको. केजव्हील जितकं बाहेर जाईल तितकी हबच्या बेअरिंगवर तरफ वाढते, आणि जुन्या ट्रॅक्टरचं बेअरिंग हे आधीच थकलेलं असतं.

खाचरात पाणी किती हवं यावरही चाकाची पकड ठरते. 5 ते 10 सेंमी उभं पाणी असलं की चिखल पात्यांवरून धुऊन जातो. पाणी कमी पडलं की तोच चिखल लोण्यासारखा चिकटून केजव्हीलचा भरीव गोळा होतो. चाक भरून यायला लागलं तर काम थांबवून आधी पाटाचं पाणी सोडा. वळताना अवजार वर घ्या आणि कोपऱ्यात एकाच जागी पुन्हा पुन्हा वळू नका. तिथं तळाचा घट्ट थर फुटतो आणि पुढच्या वर्षी बरोबर तिथंच ट्रॅक्टर बसतो. केजव्हीलवर डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर चालवू नये. रस्त्याची चाळण होते आणि ट्रॅक्टरचीही.

एकच चाक फिरत असेल तर

डिफरन्शिअलचा स्वभाव असा की ज्या चाकाला कमी अडथळा, ते चाक फिरतं. एक चाक ओलीत आणि एक कोरड्यात असलं की ओलीतलं गरगर फिरतं आणि कोरड्यातलं नुसतं उभं राहतं. बी-275 सारख्या अनेक ट्रॅक्टरांना पायानं दाबायचा डिफ लॉक असतो. त्याची दांडी वर्षानुवर्षं न दाबल्यानं आत जाम झालेली असते, तेव्हा पावसाआधी ती तपासून, ग्रीस करून घ्या. लॉक दाबायचा तो चाक फिरायच्या आधी, ट्रॅक्टर थांबलेला किंवा अगदी सावकाश असताना आणि स्टिअरिंग सरळ धरून. भरधाव फिरणाऱ्या चाकावर लॉक दाबला तर दात तुटतात. लॉक लागलेला असताना वळायचं नाही.

लॉक नसेल तर दोन ब्रेक आहेत. डावा-उजवा पेडल जोडणारी पट्टी काढा आणि जे चाक जागेवर फिरतंय त्याचा ब्रेक हलका दाबा. ओढ दुसऱ्या चाकाकडे जाते. हे काम आजच्या ट्रॅक्टरांपेक्षा जुन्यावर नाजूक, कारण जुने ब्रेक कोरडे असतात. पाणी आणि चिखल आत गेला की ते धरत नाहीत. रस्त्यावर जाताना जोडपट्टी पुन्हा लावणं विसरायचं नाही. एकाच चाकाला लागलेल्या ब्रेकनं रस्त्यावर ट्रॅक्टर उलटतो.

रुतल्यावर

आता जे सांगतो ते कृपा करून घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला वाचून दाखवा. ट्रॅक्टर रुतला की मागच्या चाकांना साखळीनं आडवा ओंडका बांधून पुढं काढायची पद्धत अनेक गावांत आहे. ती जीव घेते. ओंडका जमिनीत अडकतो, चाक फिरू शकत नाही, आणि मग इंजिनचा सगळा जोर चाकाऐवजी ट्रॅक्टरच फिरवतो. तो मागच्या अॅक्सलभोवती उचलला जाऊन पाठीवर पडतो. या सगळ्याला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो; क्लचकडे पाय जाईपर्यंत उशीर झालेला असतो. या जुन्या ट्रॅक्टरांना डोक्यावर संरक्षक सांगाडा नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढताना साखळी अॅक्सलला किंवा टॉप लिंकच्या जागी बांधली तरी हेच होतं. साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला, अॅक्सलच्या मध्याच्या खालीच.

पहिलं काम, रेस बंद करा. फिरणारं चाक खड्डा खोलच करतं. अवजार सोडवा. चाकांच्या मागं फावड्यानं उतार काढा, त्यात तुराट्या, उसाचं पाचट किंवा फळ्या दाबून घाला, आणि रिव्हर्समध्ये, खालच्या गिअरला, संथ रेसवर मागं या. रिव्हर्समध्ये पुढचा भाग खाली दाबला जातो, म्हणून ट्रॅक्टर मागं उलटायची भीती कमी. शिवाय ज्या वाटेनं आत आलात ती वाट आधीच दबलेली असते. मागं येत नसेल तर दुसरा ट्रॅक्टर कोरड्या जागेवर ठेवून लांब साखळीनं, सावकाश ओढून काढा. साखळीच्या रेषेत कुणी उभं राहू देऊ नका. पोट टेकलं असेल तर ओढण्याच्या आधी पोटाखालची माती काढावीच लागेल, कितीही वेळ लागला तरी.

चिखलणी संपल्यावर आठवड्याच्या आत तीन गोष्टी उघडून बघा. मागच्या हबच्या सीलमधून तेल-पाणी झिरपतंय का. गिअरबॉक्सचं थोडं तेल खालच्या बोल्टमधून काढून, ते दुधाळ झालंय का. झालं असेल तर सगळं बदला, अर्धवट भरू नका. आणि ब्रेकचं कव्हर काढून आतला गाळ धुऊन, पूर्ण वाळवून, मगच ट्रॉली जोडा. केजव्हीलचे बोल्ट काढून झाले की चाकांचे नट पुन्हा आवळा, आणि दहा-बारा किलोमीटर चालवल्यावर आणखी एकदा.